मुलगा म्हणतो, बोटीवर राहणार

पत्र : ताई, आम्ही दोघं कोथरूडला असतो. मुलगा ३१ वर्षांचा, सहा वर्षं इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला नोकरी. भाड्यात अर्धा पगार जातो म्हणून त्याने आता कॅनॉलवरची एक लांबट लोखंडी बोट बघितली आहे. ५० फुटी, जुनी, ४५ हजार पौंडांची. तिच्यातच राहणार म्हणतो. ३० हजार त्याच्याकडे आहेत, बाकीच्यासाठी आमची एफडी मोडाल का असं विचारतोय. शिवाय मे-जूनमध्ये तुम्हीही दोन महिने राहायला या म्हणतो. ह्यांनी एकच वाक्य टाकलं, "कॅनॉलवर? दांडेकर पूल विसरला वाटतं!" आणि पेपर उघडला. ह्यांचे गुडघे दुखतात. मला पाणी कुठून येतं ते कळत नाही, संडासाचं तर विचारायचीही लाज वाटली. त्यातून लग्नाचं बघतोय, स्थळांना पत्ता काय सांगायचा? पैसे द्यावेत का? जावं का?
— एक आई, कोथरूड

कोथरूडच्या ताई,

पत्र वाचून आधी हसले, मग जरा गप्प बसले. हसले ते दांडेकर पुलावरून. गप्प बसले कारण माझी सख्खी भाची त्याच भागात अशाच बोटीवर राहते आणि तिच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, सहा महिने तिच्याशी धड बोलणं टाकलं होतं. बहीण काही जाईना, म्हणून मग मी गेले. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पाच आठवडे राहिले. तेव्हा हे ऐकीव नाही.

तुमच्या ह्यांचं वाक्य आधी निकालात काढू. आपला कॅनॉल म्हणजे खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवा. उताराने वाहत शेतीला पाणी न्यायचं हे त्याचं काम. २७ सप्टेंबर २०१८ ला जनता वसाहतीजवळ त्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत लोकांचे संसार पाण्यात गेले. ते ज्याने पाहिलं त्याच्या पोटात कॅनॉल म्हटल्यावर गोळा येणारच. तिकडचे कालवे शेतीसाठी खणलेले नाहीत, ते बोटींसाठीच खणलेत. १७६१ मध्ये ब्रिजवॉटरचा कालवा सुरू झाला तो खाणीतला कोळसा मँचेस्टरला पोचवायला. काठावरून घोडा चालायचा, मागे दोराने बोट. पाणी जवळजवळ उभंच असतं आणि बहुतेक ठिकाणी तीन-चार फूट खोल. भाचीचा शेजारी माझ्यादेखत पाय घसरून पडला तो पाण्यात उभाच राहिला, हातातला चहाचा कप तेवढा गेला. याचा अर्थ भय नाही असा नव्हे. हिवाळ्यात ते पाणी माणसाला गारठवून टाकतं, आणि लॉकची, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या हौदाची, गोष्ट वेगळी. तिच्याकडे येते.

बोटीची रुंदी ६ फूट १० इंच. लॉक सात फुटी बांधले, म्हणून बोटी तेवढ्याच. आपल्या पेठेतल्या वाड्याचा बोळ उचलून पाण्यात ठेवलाय असं समजा. समोरून कोणी आलं तर एकाने मागे सरायचं. सगळे एकाच खिडकीशी बदक बघायला गेले की घर कलतं. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, ओट्यावरची लिंबं खरंच घरंगळतात.

आता पाणी. मी नारायण पेठेत वाढले. पानशेत फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१ ला, सहा वर्षांची होते. त्यानंतर आमच्या घरात तांब्या मोजून पाणी वापरायची जी शिस्त लागली ती कधी सुटली नाही, सून त्यावरून चिडवते. बोटीवर मात्र पहिल्याच दिवशी भाची म्हणाली, "मावशी, तुला काहीच शिकवायला लागत नाहीये." बोटीच्या नाकाकडे पाण्याची टाकी असते. काठावर ठराविक ठिकाणी नळ असतात, तिथे बोट नेऊन लांब पाइपने ती भरायची. भरायला तास-दीड तास लागतो, आणि मागे दुसरी बोट ताटकळत असली तर तिच्या मालकाशी हवापाण्याच्या गप्पा माराव्या लागतात. टाकी भरली की बोटीचं नाक खाली जातं, रिकामी होत आली की वर उचलतं. पाचव्या दिवशी मला काटा न बघता कळायला लागलं : मोरीतलं पाणी नीट निचरेनासं झालं की टाकी संपत आली. ज्या बायकांनी सकाळी पाच ते सात एवढंच पाणी येणारी घरं चालवली, त्यांना हे दोन दिवसांत जमतं. तुमच्या मुलाला वेळ लागेल. तो चोवीस तास पाण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलाय.

संडासाची लाज वाटून घेऊ नका, कारण खरा प्रश्न तोच आहे आणि तो तुम्ही त्याला विचारायलाच हवा. बोटीत तीन प्रकार असतात. एकात तळाशी मोठी टाकी असते, ती पैसे देऊन पंपाने उपसून घ्यायची. एकात कोरडं खत होतं. भाचीकडे तिसरा, कॅसेटचा. खाली सुटकेसएवढा एक डबा, दोन माणसांत तीन दिवसांत भरतो. तो ओढून काढायचा, चाकांवरून काठाने घेऊन जायचा आणि ठरवलेल्या जागी ओतून, धुऊन, निळं औषध घालून परत आणायचा. पहिल्यांदा तिच्याबरोबर गेले तेव्हा मी पदर नाकाला लावला होता. ती शिट्टी वाजवत होती. मला आमचा वाडा आठवला. तिथे टोपलीचे संडास होते, आणि ती टोपली रोज पहाटे दुसरंच कोणीतरी डोक्यावरून न्यायचं. ते आपण कसं सोयीने विसरलो! इथे स्वतःचं स्वतः उचलायचं. दुसऱ्या खेपेला पदर खाली ठेवला.

तुमचा मुलगा हे करेल का? कॉलेजात असताना स्वतःचा चहाचा कप विसळायचा का, एवढं तुम्हाला माहीत असेलच. त्यावरून अंदाज बांधा.

आणि थंडी. लोक उन्हाळ्यात या बोटी बघतात आणि प्रेमात पडतात. काठावर हिरवळ, छपरावर कुंड्या, रात्री दहापर्यंत उजेड. नोव्हेंबरात चार-साडेचारला अंधार होतो आणि त्यानंतर घर म्हणजे एक छोटी लोखंडी शेगडी. तिच्यात धूर न करणारा कोळसा घालायचा, रात्री झोपताना हवेची झडप इतकी बारीक करायची की विझणार नाही आणि भडकणारही नाही. पहाटे पाचला विस्तव गेला तर उठून कोणी पेटवायचा यावर, भाची सांगते, तिचं एक जमता जमता राहिलेलं लग्न मोडलं. गोण्या छपरावर रचलेल्या. राख रोज काढायची. कोळशाच्या विस्तवातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड वासाने कळत नाही, म्हणून त्याचा अलार्म २०१९ पासून सक्तीचा आहे. तो आहे आणि चालू आहे हे मुलाकडून वदवून घ्या. गॅसचे सिलिंडर मात्र चांगले विचार करून ठेवलेले असतात. बोटीच्या टोकाला वेगळ्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याला खाली बाहेरच्या बाजूने भोक. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बाहेर पाण्यावर जातो, घरात येत नाही. आपल्याकडे ओट्याखाली कोंडलेला सिलिंडर आठवून मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

ओल ही बोटीची खरी सासू. दोन माणसांचे श्वास, भाताची वाफ, धुतलेले मोजे, सगळं जाऊन थंड खिडकीवर बसतं आणि सकाळी ओघळ लागतात. भाची उठल्यावर आधी खिडक्या पुसते, मग दात घासते. बाहेर बर्फ असलं तरी थोडी खिडकी उघडी हवीच. वीज सोलरवर आणि इंजिनवर भरणाऱ्या बॅटरीची. हिवाळ्यात सोलर जवळपास नावालाच, आणि रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन लावू नये असा नियम. मिक्सर लावायचा तर आधी बॅटरीचा आकडा बघायचा. तिने खलबत्ता नेलाय. लसणीची चटणी काय झाली होती म्हणून सांगू!

या सगळ्याहून मोठी गोष्ट पत्रात नाही, म्हणजे मुलाने ती सांगितलेली नाही किंवा तुम्हाला लिहावीशी वाटली नाही. बोट ठेवायची कुठे? तिथले बहुतेक कालवे, सुमारे २ हजार मैल, २०१२ पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था सांभाळते आणि बोटीला तिचं लायसन्स लागतं. कायमची जागा भाड्याने घेतली तर प्रश्न नाही, पण त्यातही कायदेशीर राहता येईल अशा जागा थोड्या आणि महाग. पुष्कळ जागा नुसत्या बोट उभी करण्यासाठी असतात, तिथे बिऱ्हाड चालत नाही. जागा घेतली नाही तर १९९५ च्या कायद्याने एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. किती लांब जायचं हे कायद्यात आकड्याने लिहिलेलं नाही, म्हणून त्यावर तिकडे कायमचे वाद. पण इथून तिथे आणि तिथून पुन्हा इथे असं केलं की नोटीस येते. २०२४ पासून अशा फिरत्या बोटींना लायसन्सही जास्त पडतं.

याचा अर्थ दर दुसऱ्या शनिवारी तुमचा मुलगा घर हलवणार. ताशी चार मैल ही कमाल मर्यादा, काठाला बांधलेल्या बोटींच्या बाजूने तर आणखी हळू, आपण लक्ष्मी रोडवरून गौरीच्या खरेदीला जातो त्या वेगाने. रविवारी संध्याकाळी बोट एका गावात, सोमवारी ऑफिस दुसऱ्या टोकाला, मधे सायकल आणि रेल्वे. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉक बंद ठेवतात, तेव्हा आधी वेळापत्रक बघून ठेवलं नाही तर चुकीच्या बाजूला अडकायला होतं. भाची एका वर्षी अशी अडकली आणि महिनाभर रोज दीड तास जास्तीचा प्रवास करत होती. तिने हे आईला सांगितलं नाही, मला सांगितलं.

लॉक म्हणजे काय ते सांगते, कारण ह्यांच्या गुडघ्यांचा प्रश्न तिथेच येतो. टार्डेबिग नावाच्या ठिकाणी सव्वादोन मैलांत एकापाठोपाठ ३० लॉक आहेत. पर्वतीला १०३ पायऱ्या, इथे तीस, पण बोटीसकट चढायच्या. दगडी हौद, दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे. बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, मग विंडलास नावाच्या हँडलने पुढच्या झडपा फिरवून उघडायच्या. वरचं पाणी आत घोंगावत येतं आणि बोट हळूहळू उचलली जाते. मग दरवाज्याच्या लांब तुळईला पाठ लावून, पाय रोवून ढकलायचं. एका वेळेला साधारण लाख लिटर पाणी खालच्या टप्प्यात जातं. दहा टँकर! पहिल्या लॉकला माझा जीव गलबलला, मी म्हटलं अगं सोसायटीचं महिन्याचं बिल सोडलंस तू. सकाळी निघालो ते दिवस मावळताना वर पोचलो. मी फक्त दोन दरवाजे ढकलले, बाकी वेळ चालत होते.

ह्यांनी लॉकवर काहीही करू नये. काठावर उभं राहून सूचना द्याव्यात, ते त्यांना जमेल असं पत्रावरून वाटतं. तुम्हा दोघांना नियम तीनच. बोट टेकेपर्यंत उतरायचं नाही, उडी तर कधीच नाही. बोट आणि भिंत यांच्या मधे हात-पाय घालायचा नाही, १५-१६ टनांचं लोखंड आहे ते. आणि खाली उतरताना लॉकच्या वरच्या दरवाज्याखाली दगडाचा एक उंबरा असतो, त्यावर बोटीची शेपटी अडकली तर पाणी उतरत जातं, शेपटी वर राहते आणि बोट पुढून बुडते. भिंतीवर पांढरी रेघ असते, बोट तिच्या पुढे ठेवायची. हे मुलाला येतंय का ते विचारा. सीओईपीच्या बोट क्लबवर वल्ही मारलेली असली तरी ते इथे उपयोगाचं नाही.

पैशाचं. लगेच देऊ नका, आणि नाहीही म्हणू नका. बोट म्हणजे घर नव्हे, खाली जमीन नाही, किंमत वाढत बसत नाही. साधं गृहकर्जही मिळत नाही, म्हणूनच त्याने तुमच्याकडे बघितलंय. तळाचा पत्रा साधारण १० मिलिमीटर, बाजू ६, वरची खोली ४ असा नव्या बोटीचा हिशेब असतो. जुन्या बोटीला गंज आतून बाहेरून खातो. तेव्हा बोट पाण्याबाहेर काढून, स्वतंत्र सर्व्हेअरकडून पत्र्याची जाडी मोजून घेतल्याशिवाय एक पौंड द्यायचा नाही. सर्व्हेअर आपण नेमायचा, विकणाऱ्याचा नाही. पत्रा फार पातळ झालेला निघाला तर विमावाले तोंड फिरवतात आणि वरून दुसरा पत्रा जोडायचा खर्च अंगावर येतो. दुसरं, बोटीला सात-बारा नसतो. लायसन्स कोणाच्या नावावर आहे यावरून मालकी सिद्ध होत नाही. जुनी खरेदीपत्रं, कर्ज फिटल्याचे कागद, सगळं बघायचं. तिसरं, दर चार वर्षांनी सुरक्षेचं सर्टिफिकेट आणि दर दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून तळाला काळा रंग. हा खर्च, लायसन्स, विमा, डिझेल, कोळसा, गॅस, सगळं एका कागदावर मांडून आत्ताच्या भाड्याशेजारी ठेव म्हणावं. माझ्या भाचीचं भाड्यापेक्षा कमी पडतं, पण तिला वाटलं होतं तेवढं कमी नाही.

आणि एक अट घाला. बोट विकत घेण्याआधी दोन महिने अशाच बोटीवर भाड्याने राहायचं, डिसेंबर-जानेवारी. कॅसेट ओतून, विस्तव राखून, बर्फात बोट अडकून जर तो फेब्रुवारीतही हेच म्हणाला, तर एफडीतले पाच लाख द्या, सगळे नकोत. उरलेलं त्याने वर्षभर साठवावं किंवा स्वस्त बोट बघावी. सगळी एफडी मोडून तुम्ही इथे बसायचं आणि तो तिथे पत्र्याला थिगळ लावणार, हे मला पटत नाही.

जायचं तर जरूर जा, पण दोन महिने नाही. सात फुटांत चौघं नव्हे, तिघंही दोन महिने राहत नाहीत. पूर्वी बोटवाल्यांची कुटुंबं मागच्या दहा फुटी खोलीत चार-चार पोरांसकट राहायची, हे खरं, पण त्यांना इलाज नव्हता. तुम्ही पंधरा दिवस बोटीवर राहा, बाकी जवळ खोली घ्या. लहान कुकर न्या, मोठा ठेवायला जागा नाही. देवाचं तबक न्या, निरांजन चालतं, धूप नको. मी पहिल्या गुरुवारी धूप लावला तर धुराचा अलार्म असा कोकलला की दोन बोटींवरून माणसं पळत आली. नंतर त्यांना साबुदाण्याची खिचडी द्यावी लागली, आणि मग ते दर गुरुवारी चौकशी करायला लागले.

लग्नाचं. मुलीला आणि तिच्या घरच्यांना पहिल्याच बोलण्यात बोटीचं सांगून टाका, संडासासकट. जी पळेल ती नंतर पळण्यापेक्षा आत्ता पळालेली बरी. बँकेच्या आणि ऑफिसच्या कागदांसाठी त्याला पक्का पत्ता लागेलच, भाचीने एका मैत्रिणीचा घेतलाय. डॉक्टरकडे नाव नोंदवायला तिकडे पत्त्याचा पुरावा लागत नाही.

पण तुम्ही विचारताय तो पत्ता वेगळा, कुठे असतो तुमचा मुलगा, या प्रश्नाचा. कालव्यावरच्या पुलांना नंबर असतात, कमानीवर पाटीच असते. बोटवाले आपण कुठे आहोत ते पुलाच्या नंबरावरून सांगतात, आपण नळस्टॉपच्या पुढे, गणपतीच्या समोर म्हणतो तसं. भाची दर पंधरवड्याला नवा नंबर कळवते. माझी बहीण, तीच ती सहा महिने न बोललेली, कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी तो लिहून ठेवते. गेल्या आठवड्यात कळवायला एक दिवस उशीर झाला, तर सकाळी साडेसातला मला फोन, "अगं, पासष्ट नंबरच्या पुढे सरकली का ती?"